दिवाणखान्याची तुळई

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसले होते: जुनी हवेली पाडायचं काम घेतलेला मुकादम आणि एक म्हातारा गवंडी.

“मुकादम, उद्या कुठून सुरुवात?”

“नेहमीसारखी वरून. छप्पर उतरवलंय. उद्या वरच्या मजल्याची मधली भिंत.”

“ती फोडू नका.”

“काका, तुमच्या वडिलांनी बांधलेली हवेली. जीव अडकतो, कळतं मला.”

“जीव तुमच्या माणसांत अडकलाय. खाली दिवाणखान्याची तुळई आहे ना, ती त्या भिंतीला टांगलेली आहे.”

“टांगलेली? तुळई भिंतीवर टेकते, काका. आता मला शिकवता?”

“हातभर आखूड कापली गेली होती. तेवढं लांब दुसरं लाकूड मिळेना आणि मालक डोक्यावर बसलेला. मग बाबांनी लोखंडी पट्ट्यांनी ती वरच्या भिंतीला बांधली आणि वरून गिलावा केला.”

“म्हणजे भिंत फोडली की...”

“मजला खाली येईल. फोडणारे त्याच मजल्यावर उभे असतील. आधी खालून टेकू द्या.”

“अहो, लोक लांबून यायचे तो दिवाणखाना बघायला!”

“बाबा त्या तुळईखाली कधी उभे राहिले नाहीत.”

“टेकू कशासाठी लावतोय, ते इंजिनिअरसाहेबांना लिहून द्यावं लागेल. काय लिहू?”

“गवंड्याची चूक.”

“नाव नाही टाकत. जुनं काम, एवढंच लिहितो.”

“टाका. दरवाजावर मालकाचं आहे, नकाशा काढणाऱ्याचं आहे. बाबांचंही कुठेतरी येऊ दे.”