वाघोबाला वळसा

नविन: जयश्रीबेन, शेवटचं विचारतो. नकाशाच्या फाइली पेन ड्राइव्हवर टाकून देतो, दहा मिनिटांत मोकळ्या व्हाल. अख्खा कॉम्प्युटर कॉपी करायचा हट्ट कशाला?

जयश्री: फाइली माझ्याकडे चार वर्षांपासून पडून आहेत, नविनभाई. त्यातली एक उघडून दाखवा तुमच्या या नव्या मशीनवर.

नविन: ते नकाशाचं सॉफ्टवेअर टाकलं की उघडेल ने.

जयश्री: टाका मग.

नविन: सीडी द्या.

जयश्री: सीडी आमच्या समितीच्या लाहूकाकांच्या माळ्यावर होती. मागच्या वादळात काकांचा माळाच उडाला. आणि ती कंपनी केव्हाच बंद पडली. ते सॉफ्टवेअर आता एकाच ठिकाणी आहे, तुमच्या टेबलावरच्या त्या डिस्कमध्ये. म्हणून विंडोजसकट, सॉफ्टवेअरसकट, जसं आहे तसं सगळं उचलायचं आणि माझ्या लॅपटॉपमध्ये चालू करायचं. व्हर्च्युअल डिस्क, म्हणजे अख्ख्या डिस्कचीच एक मोठी फाइल बनवून होतं असं, हे फोनवर तुम्हीच म्हणालात.

नविन: म्हणालो. पण डिस्क धडधाकट असेल तर होतं. ही बघा, ऐका जरा.

हिरी: शेठ, ती टकटक कसली? घड्याळाची का?

जयश्री: आये, शेठ नको म्हणू त्यांना.

हिरी: मंग काय म्हणू? दुकान त्याचं हाय ना?

नविन: नविन म्हणा, मावशी. टकटक या डिस्कची आहे. म्हातारी झालीय ती.

हिरी: म्हातारी झाली तर झाली. चालते ना?

नविन: चालते, पण कधी थांबेल सांगता येत नाही. आणि तुम्ही आणलेल्या पेटीचं तर विचारूच नका. आतला बोर्ड फुगलाय. सकाळपासून वीस वेळा बटण दाबलं, तेव्हा एकदा सुरू झाला आणि लगेच मेला. म्हणून तर डिस्क बाहेर काढून माझ्या मशीनला जोडली. सत्तर टक्के कॉपी झालीय, बघा.

जयश्री: बोर्ड धड असता तर ती पेटीच उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवली असती. तलासरीपासून मांडीवर घेऊन आलोच आहोत, आणखी एक दिवस घेतली असती.

नविन: उद्याच आहे सुनावणी?

जयश्री: उद्या अकराला. मागच्या वेळी मी छापील नकाशा नेला होता. आमच्या वनहक्क समितीने तेव्हा केलेली आयेच्या जमिनीची मोजणी, पावणेदोन एकर. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, असला कागद कोणीही घरी बसून काढतो. ज्या कॉम्प्युटरवर मोजणी उतरवली तो आणा, माझ्यासमोर उघडा, तारीख दाखवा. त्यांना वाटलं, ही कुठून आणतेय पंधरा वर्षांपूर्वीचं डबडं. मी म्हटलं, आणते.

नविन: बोलून बसलात!

जयश्री: बोलले तर बोलले. खोटं नाही बोलले. मी बारावीत होते तेव्हा, समितीत कॉम्प्युटर चालवता येणारी मी एकटी. पाड्यावरच्या चाळीस घरांची मोजणी या हातांनी उतरवलीय. आणि हे मला सांगणार, घरी बसून काढलंय म्हणून?

नविन: रागावू नका, बेन. मी तुमच्या भल्याचं बोलतो. सरकार अकरा गुंठे द्यायला तयार आहे ना? घेऊन टाका. निदान हातात काही तरी पडेल. बाकीचं पुढे बघता येईल.

हिरी: अकरा गुंठ्यांत माझी नागलीपण मावत नाय. भात कुठं लावू? तुझ्या दुकानात?

नविन: तसं नाही, मावशी...

हिरी: तसंच हाय. मी लग्न होऊन आले तवापास्नं ती जमीन कसते. दगड वेचून वेचून बांध घातला. तो बांध काय अकरा गुंठ्यांचा हाय? एकदा अंगठा दिला का उरलेलं गेलं. मंग कोण बघतंय पुढं?

जयश्री: नव्वद झाले, नविनभाई.

नविन: हां, होऊ द्या. होईपर्यंत चहा सांगतो. मावशी, साखर चालते ना?

हिरी: चालते. आमच्यात कोणाला साखरेचा आजार नाय. चालायला लागतं ना रोज.

नविन: झालं! शंभर टक्के. आता ही कॉपी लॅपटॉपमध्ये जोडतो... हे असं... आणि सुरू.

हिरी: काळं झालं सगळं.

नविन: थांबा, मावशी, सुरू व्हायला वेळ लागतो.

जयश्री: नविनभाई, पांढऱ्या अक्षरांत काही तरी आलंय. सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही म्हणतंय.

नविन: असं कसं? अख्खा सी ड्राइव्ह आलाय. परत करतो. ...तेच. परत तेच येतंय, यार.

जयश्री: म्हणजे नाही होणार.

नविन: फाइली आहेत सगळ्या. दिसतायत. पण उठत नाही.

जयश्री: फाइली घेऊन काय करू मी? त्या आधी पण होत्या. मीच शहाणपणा केला. भर सुनावणीत उभी राहून म्हटलं, आणते. आता उद्या काय सांगू, काळी स्क्रीन आणलीय? आये, काय म्हणतेस तू? अकरावर अंगठा देऊन मोकळं व्हायचं का?

हिरी: काय म्हणालीस?

जयश्री: थकले गं मी. किती वर्षं तारखांना जायचं? दरवेळी सुट्टी काढायची, दरवेळी नवीन साहेब, दरवेळी पहिल्यापासून सांगायचं.

हिरी: तू थकलीस तर तू बस. अंगठा माझा हाय. कुठं टेकवायचा ते मी ठरवीन. डोळे पूस आधी, त्या माणसाच्या दुकानात रडू नको.

नविन: रडा, रडा, दुकानात गिऱ्हाईक नाही कोणी.

हिरी: तू सांग रे मला. तू काय काय उचललंस त्यातनं? सगळं उचललंस?

नविन: सी ड्राइव्ह उचलला, मावशी. सगळं त्यातच असतं.

जयश्री: यादीत त्याच्या वर एक होता ना? छोटासा. शंभर एमबीचा.

नविन: तो काही नाही. त्याला नाव नाही, अक्षर नाही. सोडून दिला मी... अरे देवा. थांबा. थांबा, थांबा! हा विंडोज सात आहे ने?

जयश्री: सातच आहे.

नविन: गधेडो! मी स्वतःला म्हणतो, तुम्हाला नाही. सातमध्ये मशीन सुरू कसं करायचं ते त्या छोट्या भागात लिहिलेलं असतं. तोच मी मागे ठेवला.

हिरी: म्हंजे घर उचलून आणलंस आन् किल्ली तिथंच राहिली.

नविन: एकदम बराबर, मावशी. पण परत सगळं कॉपी करायचं तर ही डिस्क आणखी दोन तास फिरवावी लागेल. मला भीती वाटते. मध्येच बंद पडली तर?

जयश्री: सगळं कशाला परत? मोठा भाग आपल्याकडे आलाय. जुन्या डिस्कमधून फक्त तो छोटा घ्या, मिनिटभराचं काम. मग नवी व्हर्च्युअल डिस्क करा, आधी छोटा टाका, त्याच्यामागे मोठा टाका पहिल्या कॉपीतून. म्हातारीला परत दोन तास नको राबवायला.

नविन: हे तुम्हाला कोणी शिकवलं?

जयश्री: कोणी नाही. फॅक्टरीत दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसते मी, नविनभाई. तुम्हाला वाटलं, पाड्यावरची बाई, हिला काय कळतंय.

नविन: असं मी कुठे म्हटलं? करतो. वरून थोडी दुरुस्ती लागेल, माझ्याकडची विंडोजची सीडी लावून. पण तुमची पाचची गाडी चुकेल.

हिरी: चुकू दे. गाड्या काय, रोज येतात.

(दीड तासानंतर. चहाचे दुसरे कप रिकामे झालेले.)

नविन: आला! आला, आला! बघा, निशाणी आली विंडोजची. मावशी, इकडे या, पुढे बसा.

जयश्री: आये, हे बघ. तोच पडदा. लाहूकाकांनी ठेवलेला गावच्या धरणाचा फोटो होता ना मागे?

नविन: फोटो गेला. काळं झालं. आणि कोपऱ्यात म्हणतोय, ही विंडोजची प्रत खरी नाही.

हिरी: कोण म्हणतो खरी नाय?

नविन: तेच विंडोज म्हणतं. अंग बदललं की त्याला संशय येतो. काम करायला अडत नाही.

जयश्री: म्हणू दे. साहेब पण तेच म्हणतात. उघडते मी सॉफ्टवेअर... चाललं. नविनभाई, चाललं हो! ही बघा चाळीस घरं. धोंडी, गंगी, लहान्याकाका... हे आपलं. हिरीबाई. तारीख आहे, वेळ आहे, जीपीएसच्या प्रत्येक ठिपक्याला. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी निघालीस तू.

हिरी: तुझ्या बाबाच्या पायात काटा मोडलेला. म्हणून मी चालले, यंत्र हातात घेऊन. मागनं सगळी बायामाणसं.

नविन: पण बेन, हे काय? सगळीकडे रेष नीट बांधावरून चाललीय आणि इथे वर एकदम आत घुसलीय. पुढे परत बाहेर. आणि या एकाच जागी किती ठिपके पडलेत! यंत्र बिघडलं होतं वाटतं.

जयश्री: हो की. बारा ठिपके, एकाच जागी. हे मी तेव्हा कसं नाही बघितलं? उद्या साहेब पहिलं बोट इथेच ठेवणार.

नविन: मग सरळ करून टाका ने. हे दोन ठिपके माउसने ओढले की रेष सरळ. जमीन पण थोडी वाढेल. कोणाला कळतंय?

जयश्री: करता येतं. दोनेक गुंठे वाढतील.

हिरी: हात लावू नको.

जयश्री: आये, अगं पण चूक दिसतेय ती...

हिरी: चूक नाय ती. तिथं वाघोबा हाय. उंबराखालचा दगड. यंत्रवाला पोऱ्या मला म्हणत व्हता, सरळ चाला, सरळ चाला. मी म्हटलं, देवावरनं चालू का? आधी पाया पडले, नारळ फोडला, मंग वळसा घालून पुढं गेले. तो तिथं उभा राहून घामाघूम.

नविन: म्हणजे हे बारा ठिपके...

हिरी: नारळाचे. लवकर फुटला नाय.

जयश्री: देवाची जागा तू मुद्दाम बाहेर ठेवलीस?

हिरी: ती माझी नाय. ज्याची त्याला सोडली. ती माझ्या नावावर करशील तर घरात घेणार नाय तुला.

जयश्री: थांब. नविनभाई, माझ्या पिशवीतला तो सरकारी नकाशा द्या. अकरा गुंठ्यांचा. ...हे बघा. त्यांचा चौकोन. या वरच्या कडेला वाघोबा कुठे येतो?

नविन: आतच आला की. रेष सरळ पुढे गेलीय.

जयश्री: म्हणे आम्ही जागेवर येऊन मोजलं! जागेवर आले असते तर पाड्यातल्या एका तरी माणसाने त्यांना तिथून जाऊ दिलं असतं? आरडाओरडा झाला असता. टेबलावर पट्टी ठेवून काढलंय हे. घरी बसून तर यांनी काढलं! आणि चोर कोण, तर आम्ही. उद्या ही रेष मी स्वतः दाखवणार त्यांना. पहिलं बोट माझंच ठेवणार तिच्यावर.

नविन: बेन, तुमच्या लॅपटॉपची एक कॉपी मी माझ्याकडे पण ठेवतो. रस्त्यात काही झालं तर.

जयश्री: ठेवा. चाळीस घरांचं आहे ते. सगळ्यांना लागणार आहे.

नविन: पण एक सांगू? साहेब म्हणाले, ही कॉपी आहे, असला कॉम्प्युटर-बिम्प्युटर मी मानत नाही, तर?

जयश्री: तर मी वरच्या समितीत जाईन. तर मी...

हिरी: तू गप बस, पोरी. तर मी सांगेन त्याला. उठा म्हणेन, जमिनीवर चला. मी पुढं चालते, तुम्ही मागनं या. मी वळेन तिथं वळा.

नविन: मावशी, ते साहेब आहेत. तुमच्या पाड्याचा चढ चढून येतील, असं वाटतं तुम्हाला?

हिरी: नाय आले तर कागद पुढं सरकवीन. लिहा म्हणेन, हिरीबाईनं बोलावलं, मी गेलो नाय. आन् खाली तुमची सही करा.