चांगल्या वाढत्यात म्हणून

...आणि त्या स्टूलवर नको बसू अंतरा, पाय मोडलाय त्याचा. इकडं बस, माझ्या शेजारी. ह्या कपाटाच्या काचेच्या आत फक्त हात घालायचे, तोंड न्हाय. बोलायचं पण कमी — मी बोलतीये ते सोड, मला सहावं वर्ष लागलंय, माझं कोण ऐकतंय. ह्या फ्लास्कमधलं गुलाबी पाणी दिसतंय न्हवं, ते ह्या पेशींचं खाणं. दिवसाआड बदलायचं. दिवाळी असू दे न्हायतर घरात लग्न असू दे. आमची आई गारगोटीला म्हशी सांभाळती, ती म्हणती, मी दावणीला अडकले आणि तू त्या बाटल्यांना.

काय विचारलंस? पुढं काय? व्हय, गेल्या आठवड्यात ते करिअर नियोजनाचं शिबिर झालं की. पुण्याच्या मॅडम आलत्या. मोठा कागद दिला, म्हटल्या पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल ते काढा, ते न्हाय जमलं तर दुसरी वाट कुठली तेही काढा. सगळ्यांनी स्केचपेननं बाण काढले — पीएच.डी., मग परदेश, मग कंपनी. मी पण काढले. आपल्या गाइडनी, उन्मेष सरांनी माझा कागद वर धरला, बघा म्हटले, पूर्णिमाचं कसं स्वच्छ हाय. हायच की. हैदराबादच्या कंपनीनं मला घेतलंय, डिग्री आली की रुजू व्हायचं. प्रबंध दिलाय, व्हायव्हा परवा. बाहेरचे परीक्षक येणार, प्रश्न विचारणार, झालं. आबांनी तर गावभर सांगून टाकलंय... मग चेहरा का असा म्हणतीस? काय न्हाय गं. जेवले न्हाय सकाळपासनं.

बघ, ह्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी. आपल्याकडं तंबाखूनं होतो न्हवं, तोच. पहिलं वर्षभर वाढायच्याच न्हाईत — इथंच बसून रडायचे मी. आणि मग अशा सुटल्या, बघता बघता फ्लास्क भरायचा. सरांनी पेढे आणले. म्हटले, पोरीच्या हाताला गुण हाय. मी पण मानलं. शेतकऱ्याची पोर मी, तण कसं फोफावतंय ते मला कळायला पायजे होतं. पण कोण विचार करतंय? खाणं महाग, म्हणून ह्या लॅबमध्ये शेजारच्या टेबलाला आणि मला एकच बाटली, सगळ्यांनी त्यातनंच घ्यायचं, पहिल्यापासनं तसंच. एक थेंब इकडचा तिकडं गेला की — म्हणजे, जाऊ शकतो म्हणतीये. तू तुझी बाटली वेगळी ठेव, एवढंच.

अशी बघू नको माझ्याकडं... बरं, ऐक मग. गेल्या महिन्यात मी ह्या पेशी तपासणीला पाठवलत्या, खरंच कुठल्या त्या बघायला. कंपनीत विचारतील म्हणून, दुसरं काय मनात नव्हतं. ह्या तोंडाच्या न्हाईतच अंतरा. शेजारच्या टेबलावरच्या हायत, गर्भाशयाच्या कॅन्सरच्या. माझ्या कधीच मेल्या. ह्यांनी त्यांचं खाणं खाऊन जागा घेतली आणि मी ह्यांनाच जपत बसले. जी औषधं घातली, जे आलेख काढले, प्रबंधात पानोपानी तोंडाचा कॅन्सर लिहिलंय — सगळं दुसऱ्याचंच. सरांना सांगितलं.  ते म्हटले, व्हायव्हा होऊन जाऊ दे. आणि दुसऱ्या दिवशी तुला ह्याच पेशींवर प्रोजेक्ट दिला. चांगल्या वाढत्यात म्हणून.

मला झोप न्हाय गं. परवा तोंड उघडलं तर डिग्री जाती, हैदराबाद जातंय, आबांना मी काय तोंड दाखवू? आणि गप बसले तर तुझी वर्षं जात्यात, माझी गेली तशीच. दुसरी वाट काढा म्हटल्या मॅडम — कुठं काढू? तू तरी ऊठ. तुझ्या मलकापूरची गाडी मिळंल अजून. बी.एड. कर, काय पण कर. ऊठ की.

का उठत न्हाईस?

व्हय, तुझी फेलोशिप ह्याच प्रोजेक्टची हाय, ठाऊक हाय मला. घरच्यांनी तुझं ठरत आलेलं लग्न थांबवलंय? ह्याच्यासाठी?... मग? मी परवा काय बोलू नको म्हणतीस? अगं, तू म्हणतीस? तुझंच वाटोळं हाय त्यात, कळतंय न्हवं तुला?

कळतंय म्हणतीस.

बरं. हातमोजे घाल. हा फ्लास्क तुझा, त्याच्यावर नाव घाल. खाली तोंडाचा कॅन्सर असं लिही — तसंच लिहितोय आम्ही. परवा मी व्हायव्हाला आत असणार, खाणं तू बदल. आता जा. आणि दार नीट ओढून घे.