लेन्सपुढचा हात

शार्दूल : हे बघा, इथं थांबवलाय व्हिडिओ. आता सांगा, ही बोटं नाहीत तर काय आहे, आण्णा?

आण्णा : कशाची बोटं? मशीनच्या काचेवर पाकोळी बसली आसंल.

शार्दूल : पाच बोटांची पाकोळी? अख्ख्या पडद्यावर काळा पंजा आलाय. बाल्कनीतल्या कुणीतरी मोबाईलवर टिपला आणि खाली लिहिलं, 'कोल्हापूरच्या टॉकीजात भूत'. कालपासून चाळीस हजार लोकांनी बघितलंय. शालूबाई सकाळपासून केरसुणी घेऊन दारात उभ्या आहेत. आत झाडायला यायला तयार नाहीत.

आण्णा : मग बरंच झालं की. भूत बगायला तरी लोक येतील. न्हायतर बाराच्या खेळाला कुत्रं फिरकत न्हाय.

शार्दूल : थट्टा नको. बाबांच्या जागी बसायला लागल्यापासून मी तुम्हाला कधी जाब विचारला नाही. आज विचारतोय. पंजा नेमका कधी येतो ते मी तीन खेळ खाली बसून बघितलंय. साड्यांच्या दुकानाची जाहिरात स्वच्छ दिसते. कसबा बावड्याच्या फ्लॅटची दिसते. ट्रेलर दिसतात. तंबाखूच्या धोक्याची सरकारी जाहिरात लागली की पडदा काळा. इंटरव्हलनंतर परत तीच, परत काळा. आवाज येतो आणि चित्र नाही.

आण्णा : मशीन जुनं झालंय.

शार्दूल : मशीनला काय तंबाखूचं वावडं आहे? ती जाहिरात दाखवली नाही तर उद्या परवान्यावर येईल. पस्तीस वर्षं ऑपरेटर आहात तुम्ही, हे मी तुम्हाला सांगायचं?

आण्णा : लावतोय की मी. मशीन समदं लिहून ठेवतंय, बग त्येच्यात. एकबी खेळ चुकवल्याला न्हाय.

शार्दूल : लावता आणि वर हात धरता. धरता ना?

आण्णा : आरं, हे काय नवीन हाय व्हय? तुझ्या बाबांनीच शिकवलंय. रिळाच्या टायमाला मंगळवारी बायकांचा खेळ आसायचा. पडद्यावर काय वंगाळ आलं की लेन्सपुढं हात. रीळ कापायचं न्हाय, नुसता हात धरायचा, चार श्वास मोजायचं आन काढायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पण कुणी तक्रार केली न्हाय.

शार्दूल : तेव्हा बायकांसाठी धरत होता. आता कुणासाठी धरता?

आण्णा : ल्हान पोरं आसत्यात. जेवून आल्याली माणसं आसत्यात. ते सुजल्यालं तोंड, ती नाकातली नळी... कुणाला बगवतंय?

शार्दूल : त्याच्या नंतरच्या ट्रेलरमध्ये कोयत्यानं मुंडकी उडतात. ती पोरांना चालतात?

आण्णा : ते खोटं आसतंय.

क्रांती : आण्णा, डबा परत घरात इसरलासा! शार्दूलदादा, तुमीबी हितंच? खाली शालूबाई भूत-भूत कराय लागल्यात.

शार्दूल : भूत सापडलंय, क्रांती. तुझे वडीलच आहेत. तंबाखूची जाहिरात आली की लेन्सपुढं हात धरतात.

क्रांती : तंबाखूची म्हंजे... ती तोंडाच्या रोगाची?

शार्दूल : तीच. डोअरकीपर म्हणतो, दिवाळीपासून चाललंय.

क्रांती : दिवाळीपासनं.

आण्णा : तू जा खाली. डबा ठेव आन जा. तुझी बस चुकंल.

क्रांती : चुकू दे. आण्णा, डबा तुमी इसरत न्हाईसा. मुद्दाम ठेवून येताईसा.

आण्णा : काय बोलतीस पोरी?

क्रांती : दिवाळीच्या चिवड्याला हात लावला न्हाईसा. रविवारी तांबडा रस्सा केला, तर तुमी दुधात भाकरी कुस्करून खाल्लीसा. आईला सांगितलंसा, पित्त झालंय. आन जोतिबाला गेलतो तवा समद्यांनी कपाळाला गुलाल लावला, तुमी मूठभर गुलाल डाव्या गालाला चोळलासा. तेवढ्याच गालाला. मी खुळी, हसत बसले.

आण्णा : देवाचा गुलाल हाय. कुठंबी लावावा.

क्रांती : तोंड उघडा.

आण्णा : मालकाच्या म्होरं कसलं तोंड उघडायला लावतीस?

क्रांती : उघडा की वो आण्णा!

शार्दूल : आण्णा, आमच्या कॉलेजात एकदा डॉक्टर आले होते, त्यांनी सांगितलं होतं. तीन बोटं उभी धरून तोंडात जायला पाहिजेत. जातात?

आण्णा : तीन न्हाय.

शार्दूल : दोन?

आण्णा : सकाळी दीड जातंय. दिवस चढला की एकच.

क्रांती : आई गं.

आण्णा : बग, आता रडाय लागली. म्हनून सांगत नव्हतो. आत डाव्या अंगाला पांढरं आलंय. लक्ष्मीपूजनादिवशी दात घासताना दिसलं. साबुदाण्याएवढं हुतं. आता जीभ फिरवली की... मोठं लागतंय.

शार्दूल : डॉक्टरांना दाखवलं?

आण्णा : न्हाय.

शार्दूल : का?

आण्णा : भ्या वाटतंय. झालं समाधान? पस्तीस वरसं ह्या खोलीत एकटा बसलोय, कशाला भ्यालो न्हाय. आता भ्या वाटतंय. बिद्रीचा हिचा मामा आपल्या पायानं दवाखान्यात गेलता. कारखान्यातली पाळी करून गेलता. त्येनी तोंडातला तुकडा काढला, हातात कागद दिला, आन सा म्हैन्यात माणूस संपला. कागद येईपातूर दातानं ऊस सोलत हुता. कागद आला आन मेला. तवा मी म्हनलं, तपासलं न्हाय तवर काय न्हाय.

क्रांती : मामा दातानं ऊस सोलत हुता ते तुमच्यापुढं. मामीनं सांगितलंय मला. वर्षभर रगात थुंकत हुता आन मोरीत पाणी वतत हुता. कागदानं न्हाई मेला त्यो. उशिरानं मेला.

आण्णा : आसलं सगळं मामीनं सांगितलं तुला?

क्रांती : मामीनंच. रडत सांगितलं. तुमाला सांगू नगं म्हनली. कनवटीला तंबाखूची पुडी हाय का अजून?

आण्णा : दोनदाच खातो. आदी धा डाव व्हायचं.

क्रांती : द्या हिकडं.

आण्णा : घे. आन आता वरडू नगंस. खाली पब्लिक आलंय. शार्दूल, तुला ठाव हाय का, त्यो जाहिरातीतला माणूस खुर्च्यांकडं बगतच न्हाय. साडेतीनशे खुर्च्या सोडून ह्या भोकातनं वर माझ्याकडं बगतोय. धा-बारा वरसं मीच लावली ती जाहिरात, तंबाखू मळत लावली. रोजचं चार खेळ, दर खेळाला दोन डाव. कवा काय वाटलं न्हाय. आन ते पांढरं दिसलं त्या दुपारी हात आपल्या आपण वर गेला. चार श्वास मोजतोय, तरी संपत न्हाय.

शार्दूल : लहानपणी भुताचा सिनेमा लागला की तुम्ही इथंच, या खुर्चीत, माझ्या डोळ्यांवर हात धरायचात.

आण्णा : तरीबी माझी विजार ओली केलीवतीस.

शार्दूल : मी बोटांच्या फटीतून बघायचो, आण्णा. सगळं बघायचो. म्हणून तर विजार ओली झाली.

आण्णा : ठाव हुतं मला.

शार्दूल : आणि तुम्ही?

आण्णा : फटीतनंच बगतोय. रोज, आठ डाव. त्येच्यापायी तर डोळ्याला डोळा लागत न्हाय.

शार्दूल : मग आता ऐका. बाराचा खेळ मी लावतो. तुम्ही आत्ता क्रांतीबरोबर निघा. डॉक्टरांना मी फोन करतो.

आण्णा : आज नगं. सोमवारी जातो.

क्रांती : कुठल्या सोमवारी? आजवर दिवाळीनंतरचं किती सोमवार झालं?

आण्णा : आगं, आज नवीन पिक्चर हाय. शार्दूलला आवाजाचं जमत न्हाय.

शार्दूल : जमेल तसं करीन. सुरुवातीला बटण मी दाबतो आणि तुम्ही बघा, चुकलं तर सांगा, मग लगेच निघा.

(खाली घंटा होते. शार्दूल मशीन सुरू करतो आणि केबिनमधला दिवा मालवतो.)

आण्णा : आवाज कमी कर. साडीवाल्याची जाहिरात लई वरडती.

शार्दूल : केला. फ्लॅटची झाली की ती येईल. बघायची नसेल तर बाहेर जिन्यात थांबा.

आण्णा : नगं. क्रांती, माझा हात धर. ह्यो न्हवं, उजवा.

क्रांती : धरला.

आण्णा : घट्ट धर. त्यो आपसूक जातोय.

क्रांती : गार पडलाय वो तुमचा हात.

आण्णा : आला बग. ह्योच त्यो. आगं, पोरगंच हाय की हे. तुझ्याच वयाचं आसंल.

क्रांती : आण्णा, श्वास घ्या.

आण्णा : घेतोय. सोडू नगंस हात. त्येच्या मागं ती बाई कोन उभी हाय?

शार्दूल : त्याची बायको असावी.

आण्णा : एवढी वरसं लावली, ही बाई मी कवा बगितलीच न्हाय.

शार्दूल : झाली, आण्णा. संपली.

आण्णा : एवढीच?

शार्दूल : तीस सेकंदांची तर आहे.

आण्णा : मला वाटायचं लई मोठी हाय.

क्रांती : चला आता.

आण्णा : थांब की जरा. ट्रेलर लागलाय, नवीन दिसतोय. शार्दूल, चष्मा न्हाय मला. कवा लागणार म्हंतोय ह्यो पिक्चर?

शार्दूल : गुढीपाडव्याला.

आण्णा : पाडव्याला किती म्हैनं हाईत गं, क्रांती?

क्रांती : चार.

आण्णा : चार... बग जरा, माझी चप्पल खुर्चीखाली गेली आसंल.