हमिदाचं 'बरं'

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, हमिदा. बोल गो.

थांब, घरात रेंज नाय. ओटीवर येते… हां, आता बोल… व्हय, मीच सगुणा. आवाज असाच हाय माझा आज.

काय करतेय म्हणजे? मेथी समोर घेऊन बसलेय. उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधायच्या की नाय ते ठरत नाय… का म्हणून काय विचारतेस? तुला ठाऊक नाय?

नव्हतीस ना तू सकाळी गाडीत. मंग ऐक. निडीच्या नाक्यावर विशालची मिनीडोर रिक्षा आली, मी टोपली आत सरकवली नि चढले. तर हा मागं वळून म्हणतो, आजपासून टोपलीचं भाडं वेगळं. टोपली म्हणजे एक शीट… अगं व्हय, टोपलीचं. माझं भाडं वाढलंय ते निराळंच.

मी काय करणार? टोपली उचलली नि शीटवर ठेवली. म्हटलं, भाडं टोपलीचं घेतोस ना, मंग टोपलीच बसेल. नि मी खाली बसले, सगळ्यांच्या पायात, पार रोह्यापर्यंत… हसू नको. गाडीतले पण हसत होते. माझे गुडघे अजून ठणकतायत.

नाय, पुढं ऐक ना. मी खालूनच विचारलं त्याला, हे ठरवलं कोणी? आम्हाला कोणी विचारलं?… सांग, काय म्हणाला असेल?… नाय? मी सांगते. म्हणाला, विचारलं की. पेणहून आमच्या युनियनचे अध्यक्ष आलेले, मीटिंगला तुमची हमिदाभाभी होती. ती 'बरं' म्हणाली.



मी भांडले गो त्याच्याशी. तुझ्यासाठी भांडले. म्हटलं, अरे, आमची हमिदा सगळ्यालाच बरं म्हणते. कोणी काय सांगायला लागलं की बरं, बरं करत ऐकते. माझी सासू गेली ते सांगितलं, तवा पण आधी बरंच म्हणाली… म्हणालीस गो, आठव. मंग रडलीस, ते खरं. तर म्हटलं, तिचं बरं म्हणजे ऐकलं. बरं म्हणजे हो नव्हे. आख्ख्या गाडीला समजावलं मी, खाली बसून.

आता तू सांग. तसंच झालं ना?

हं… हं… ते बोलत होते नि तू ऐकत होतीस, ते कळलं… हं… मंग त्यांनी टाळ्या वाजवल्या. मंग चहा आला… नि मंग? मंग तू काय म्हणालीस?… चहा आला ते झालं गो, पण चहा पिऊन तोंड उघडत नाय का माणसाचं? दोन शब्द बोलायचे होते. बायकांची टोपली भाड्यात धरू नका. येवढ्यासाठी तर पाठवलेली तुला.

तुला ती खुर्ची कशी मिळाली, विसरलीस? मागच्या टायमाला त्यांनी न विचारता भाडं वाढवलं, तवा आपण सगळ्या नाक्यावर उन्हात बसलो. एकीनं गाडीत पाय ठेवला नाय. रिकाम्या गाड्या धावल्या, तवा तेच आले हात जोडून. म्हणाले, पुढं वाढवायच्या आधी तुम्हाला विचारू, तुमचं एक माणूस मीटिंगला बसवू. तवा बायजा मला म्हणाली, सगुणा, तू जा, तुझं तोंड चालतं. नि मीच म्हटलं, नको, माझं नुसतं तोंड चालतं, हमिदा शिकलेली हाय. तिला पाठवा. मी म्हटलं हमिदा. मीच.

पहिलंच बरं होतं गो. तवा ओरडता तरी येत होतं, आम्हाला विचारलं नाय म्हणून. आता काय ओरडू? आता विचारलंय ना आम्हाला.

…मला नाय परवडत. सरळ सांगते. येतानाजाताना माझं भाडं नि वर टोपलीचं, मंग मेथी विकून घरी काय आणू, नुसती टोपली? बाजार सोडावा लागेल मला. परसातलं परसातच राहील… रडू नको. मी रडत नाय, तू कशाला रडतेस?

काय?… परत सांग, ट्रक गेला रस्त्यावरून… माझी टोपली फुकट? कोणाच्या गाडीत?

कुठला फैजल?… तुझा दीर? तो कुवेतला हाय ना?… आला? कधी?… अगं मंग बोलली नायस. रोज मांडीला मांडी लावून बसतेस माझ्या, कांद्याचा भाव सांगतेस, नि दीर आला ते नाय सांगितलंस?… बरं. नि त्यानं मिनीडोर घेतली. आपल्याच लाईनवर.

चांगलं झालं. पोर घरी राहील, चांगलंच झालं… नाय, मनापासून म्हणतेय.

फक्त एक सांग. गाडी कधी घेतली त्यानं? मीटिंगच्या आधी, का मागनं?

…हमिदा.

…बोल गो. आधी का मागनं?

…

आधी.

नाय, रागावले नाय. थांब जरा, मला बसू दे… रागावले असते तर बरं झालं असतं. तुला गाडी हवी होती, हप्ता फेडायचा होता, सगळं कळतं मला. तू येऊन म्हणायचंस, सगुणाताई, आमच्या घरातच गाडी आलीय, मला त्या खुर्चीत नको बसवूस. मी गेले असते. नाय तर बायजा गेली असती. तुझ्या घरची गाडी म्हणून मी तुझ्याशी भांडले असते का?… आणि आज मी सगळ्यांच्या पायात बसून तुझ्या 'बरं'चा अर्थ सांगत होते. विशालला ठाऊक असणार फैजलच्या गाडीचं. तो गालात हसत होता. मला वाटलं टोपलीला हसतोय.

ताई, ताई नको करूस.

नको. फुकट नको… माझी एकटीची टोपली गुपचूप फुकट, नि बायजाची? ती शेजारी बसून भाडं देईल नि मी बाहेर बघत बसू? तुझ्यासारखी?… लागलं ना? लागू दे. मला पण लागलंय.

व्हय, ऐकतेय… हं… मुद्दाम नाय केलंस… हं… त्यांनी विचारलं नि तुझ्या तोंडातनं नेहमीसारखं निघून गेलं. मंग घरचा विचार आला नि परत मागं घेववलं नाय… हं… उद्या तू माझ्यासाठी जागा धरून ठेवणार, नेहमीसारखी… हं… मागचं विसरून जायचं… बरं… बरं…

नाय. थांब, थांब हमिदा. फोन ठेवू नको.

आता मी बरं म्हटलं ना, ते धरू नको. ते नुसतं ऐकलं म्हणून म्हटलं.

हो म्हटलं नाय.

ठेवते.