एसीचा डावा डोळा

न्हाई न्हाई, तुमी आदी शेवट वळखा! वळखलात तर ही माजी पिकली दाढी मळवली टेशनावर भादरा, हा हमीद हूं की चूं करनार न्हाई... आन न्हाई वळखलात तर च्या तुमच्या पैशानं. मलाच वळखला न्हाई, तर तुमी काय वळखनार!

तुमास्नी सांगतो, तुंगार्लीच्या कैलासशेठनं जुना ट्रक घेतला. नाकवाला, म्हंजी बॉनेट फुडं आलेला, परदेशातनं आनलेला, आन पुढं शिटाजवळ चक्क एसी! तो ट्रक पयला कोन चालवायचं? मीच की! धरनावरच्या साहेबाकडं डायवर हुतो. मग शेठनं मलाच धरला. "चाचा, पुण्यात जुन्या गाड्यांची स्पर्धा आहे. परीक्षक स्क्रू न् स्क्रू बघतात. एसीचा एक डोळा गायब आहे, शोधायचाय. पण त्या काळचाच पाहिजे!"

डोळा म्हंजी गार वारं येती ती गोल जाळी, इकडं-तिकडं फिरती. दोन असत्यात. उजवा हुता, डाव्याच्या जागी भोक!

मग काय, हिंडा! देहूरोडचा भंगारवाला बसचा डोळा दाखवतोय, "घ्या शेठ, कडक माल!" शेठ भिंग लावून बगतोय... "छे, हा नंतरचा. त्या काळचाच पाहिजे!" पुन्यात गेलो, दुकानदार म्हनतोय, "काका, अख्खा नवा एसी टाका ना, मोबाईलवर चालतो." शेठचं त्वांड एरंडेल प्याल्यावानी! "त्या काळचाच पाहिजे!" म्या म्हनलं, "शेठ, मी त्या काळचा हाय, मलाच बसवा भोकात, फुंकत ऱ्हातो!"

आन डोळा हुता कुटं? माज्या घरात! चुलीम्होरच्या भिताडात! पयल्या दिसापासनं ठावं हुतं मला. मग बोललो का न्हाई? अवो, रोज शेठच्या पैशानं मिसळ, कोन बोलंल?

...बरं, खरं सांगू? द्यायचा नव्हता.

माजी अकबरी... आता न्हाई ती. तवा तिच्या भनीचं लगीन हुतं देहूरोडला, ऐन मे महिना, साहेब म्हनला जा घिऊन ट्रक. अकबरी डावीकडं बसली, म्या एसी सोडला आन म्हनलं, "जपून गं, साहेब श्वासाला पैसे लावतो, मीटर हाय हितं!" तर तिनं नाक-त्वांड दाबूनच धरलं की! कामशेत येईस्तवर जमंल तेवढा श्वास धरायची, गाल टम्म, डोळं भाईर... मला फुटलं हसू, तसा पाठीत धपका! "मुडदा बशिवला त्या मीटरचा!" मग जी डोळ्याम्होरं त्वांड लावून बसली, पदर उडतोय, घटाघटा वारं पितीया, "सांगा साहेबाला, लाव म्हनावं किती लावायचं ते!" लगीनघरी भन दारातनं हाका मारतीय, तर ही उतरंना. "थांब गं, आजून थोडं ऱ्हायलंय!"

फुडं तो डोळा ढिला हून गळाला, साहेब म्हनला फेकून दे. अकबरीनं भिताडात बसवला, म्हनं धूर जाईल. कुटला जातोय! पन भाकरी थापताना हात लांबवून तो आपल्याकडं वळवायची, "आलं बगा गार!" ती गेली, डोळा तसाच हाय. तिच्या पाटाकडं बगत.

शेठला त्या काळचाच पायजे. मला बी त्या काळचीच पायजे की! कंच्या भंगारात बगू?

आन एक दिस शेठ पानी प्यायला आत आला... "चाचा!!! त्या काळचा!" चुलीम्होरं बसकनच मारली. "बोला, किंमत काय?"

मग सगळं सांगितलं, मीटरसकट. म्हनलं, हितं नुसता धूर खातोय तो, तितं गार वारं तरी सोडंल. "न्या शेठ. पन पुन्याला निघाल तवा डावं शीट रिकामं ठिवायचं. आन दोनी डोळं तिकडंच."

एप्रिलचं ऊन! शेठ गाडी चालवतोय, मी मागं हौद्यात, काचंला नाक लावून पहाऱ्याला. कामशेतपातुर शेठनं दम काढला, मग डोळा आपल्याकडं वळवाया हळूच हात गेला... म्या काच बडवली, "शेठ! सवारी बसलीया तितं!"

आता माज्या भिताडाला भोक हाय. त्यातनं वारं येतंय, खरंखुरं, थेट तिच्या पाटावर. मी आपला बाजूला बसतो.

बक्षीस? मिळालं की शेठला! परीक्षक त्याच्याकडं बगून इचारतोय, "अहो, एसी नक्की चालतो ना?" आन शेठ घामानं भिजलेला शर्ट पिळत माज्याकडं बगून म्हनला, "चाचा... श्वासाला पैसे लावले असते तर परवडलं असतं!"