सुई काही खाली येईना

...आणि भोक आणखी मोठं कर म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, विमानाच्या नाकाला भोक आहे की भोकाला नाक लावलंय, हेच कळेनासं झालंय!

अकरा वर्षं खपून घरच्या गॅरेजात बांधलं हो, जुन्या मोटारीचं इंजिन घातलं, आणि उडालंसुद्धा! पण हा कॅन्ससचा जुलै... वर चढून पाच मिनिटं होत नाहीत तोच इंजिनातलं पाणी तापतं, सुई लाल रेघेवर जाऊन बसते, आणि काही केल्या सुई काही खाली येईना! आमची आर्लीन म्हणते, "वर्न, ती सुई रेघेखाली राहू दे, मग बसते मी तुझ्या शेजारी." चुकलं का तिचं? अकरा वर्षं तिची गाडी बाहेर बर्फात उभी, बाईनं चकार शब्द काढला नाही. ती शेजारची खुर्ची मी केली कुणासाठी? डेलबर्टसाठी?

हा डेलबर्ट! शनिवारी धावपट्टीवर आम्ही सगळे विमानवेडे पॅनकेक खायला जमतो, तिथे हा हातातला काटाचमचा नाचवत, "वर्न, हवा आत नको का जायला? भोक मोठं कर!" स्वतःच्या विमानाला चौदा वर्षं पंख नाहीत, पण सल्ला... केलं मोठं. सुई काही खाली येईना! "आणखी मोठं कर!" केलं. छे! शेवटी म्हातारा मर्ल कॉफी खाली ठेवून म्हणाला, "अरे बाबांनो, आत गेलेली हवा बाहेर कुठून पडणार?" विमानाच्या पोटाखाली हवेला वाट काढली, सुई हलली... पण रेघेला चिकटूनच!

मग सुचलं! मोटार तापली की आपण काय करतो? हीटर लावतो, इंजिनाची धग आपल्या अंगावर घेतो! बसवला हीटर. सुई सर्रकन खाली! आर्लीन नवा झगा घालून आली, बसली, आणि मी जुलैत, भर दुपारी, हीटर सोडला... उतरली तेव्हा झगा पिळून काढावा लागला. पण माझी बाई बघा, म्हणाली, "वर्न, डिसेंबरात नेशील? तेव्हा ही ऊब बरी वाटेल."

गेलो की डिसेंबरात! बाहेर बर्फ, हीटर पुरता सोडलेला, आणि आत येतोय गार वारा! अहो, एवढी भोकं पाडल्यावर पाणी तापणार कुठून? आर्लीनचे दात वाजतायत, पण तिनं हात माझ्या हातात ठेवलाय, डोळे सुईवर, आणि म्हणते कशी, "वर्न... आता ही वर कशी न्यायची रे?"

डेलबर्ट म्हणतो, भोक बुजव.