तीन भट्ट्या, एक डाकबंगला

(सातपुड्याच्या पायथ्याचा सरकारी डाकबंगला. दुपार.)

उत्तमराव : जीप कोनाची ते पहिले सांग, फकीर. अन पडद्याआडून नको पाहू बे, चोरावानी दिसते.

फकीर मोहम्मद : पाटील, पडद्याआड तुमी आहा. मी खाटेवर बसलो. जीप दारूबंदीच्या साहेबाची. बाजूची खोली घेतली त्यानं.

उत्तमराव : मेलो! अन मी वरवटच्या दारूबंदी कमिटीचा अध्यक्ष!

फकीर मोहम्मद : मंग भेटून या. शोभते.

उत्तमराव : मजाक नको करू. सोमवारी माह्या कोकिळेचं लगन. जानराव व्याही साफ बोलला, पहाडातली अस्सल मोहाची नाई पाजली त वरात शिवेवरून वापस. मंग पोट्टीले कोन करन?

फकीर मोहम्मद : पन मले काऊन आनलं? मी जन्मात थेंब घेतला नाई.

उत्तमराव : म्हनूनच. तुह्यासंग फिरलो त कोनाले शक येत नाई.

फकीर मोहम्मद : अन तुमी?

उत्तमराव : मी अध्यक्ष आहो बे!

फकीर मोहम्मद : म्हंजे तीन भट्ट्या फिरलो, अन चाखनारा कोनीच नाई. बैलाले इचारलं असतं त बरं होतं.

उत्तमराव : पारख केली न! आगीत टाकली, निळा जाळ निंगाला त माल खरा.

फकीर मोहम्मद : तिन्ही जागी निंगाला. तिसऱ्या जागी तुमची भुवई गेली. लग्नात बाशिंग तुमीच बांधा, झाकून जाईन.

उत्तमराव : शिशा कुठं आहेत?

फकीर मोहम्मद : जीप आली तशी तुमी त माह्या नमाजापहिले हातपाय धुवाच्या लोट्यातच ओतून राह्यले होते. तौबा! मी ओसरीवरच्या रांजनात रिकाम्या केल्या.

उत्तमराव : प्याच्या पान्याच्या? ... कोन आलं? कडूबा चौकीदार? ये बाबा. आमी काहीच नाई करून राह्यलो.

कडूबा : मालक, साहेबाले रांजनातलं पानी देल्लं.

उत्तमराव : मंग?

कडूबा : एक घोट घेतला अन गिलासाकडे पाहत राह्यले. मंग म्हने, सरकारी बंगल्यातलं पानी नीट तपासा लागते. आनखी आन.

उत्तमराव : तपासलं?

कडूबा : रांजन अर्धा झाला जी. खिडकीत बकरी आली, तिले म्हने, बसा, तुमचा अर्ज मंजूर. अशी चव साऱ्या जिल्ह्यात नाई म्हने. आता घोरून राह्यले.

उत्तमराव : अशी चव! आयकलं, फकीर? जानराव खूश होईन! पन तिन्ही एकात गेल्या, भट्टी कोनती सांगू? कडूबा, साहेबाले उठव!

फकीर मोहम्मद : कडूबा, जा तू. झोपू दे त्याले. पाटील, बसा. दोन दिवस घाटात बैल दमवले, भुवई जाळली, दारू पारखली. नवरदेव पारखला का?

उत्तमराव : फोटो पाह्यला न.

फकीर मोहम्मद : कसा आहे?

उत्तमराव : टोपी चांगली आहे.

फकीर मोहम्मद : अन टोपीखाली?

उत्तमराव : ते... जानराव सांगत होता.

फकीर मोहम्मद : कोकिळा काय म्हने?

उत्तमराव : ते काय म्हनन? आपून निंगालो तवा बैलाच्या पुढं येऊन उभी राह्यली होती. मले वाटलं, पानी पाजाले आली.

फकीर मोहम्मद : हातात बालटी होती?

उत्तमराव : ... नाई.